करिअर बदलण्यासाठी टेक बूटकॅम्प निवडताना: जाहिरातीपासून करारनाम्यापर्यंत

दुसऱ्या क्षेत्रातली नोकरी सोडून सॉफ्टवेअरकडे वळायचे ठरवले, की सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो बूटकॅम्प, म्हणजे काही महिन्यांत सॉफ्टवेअरचे काम शिकवणारा सघन अभ्यासक्रम, निवडताना. प्रत्येक संकेतस्थळावर हसतमुख माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात, प्रत्येक अभ्यासक्रम उद्योगाच्या गरजेनुसार आखलेला असल्याचे लिहिलेले असते आणि प्रत्येक समुपदेशक फोनवर सांगतो, की पुढच्या बॅचमध्ये मोजक्याच जागा शिल्लक आहेत. मी याच मार्गाने क्षेत्र बदलले आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना निवड करताना मदत केली. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. दोन बूटकॅम्पांतला खरा फरक अभ्यासक्रमाच्या पानावर फारसा दिसत नाही. तो नोकरीचे आकडे कसे मोजले आहेत, माजी विद्यार्थी आज काय करत आहेत आणि करारनाम्यात काय लिहिले आहे, या तीन ठिकाणी दिसतो. म्हणून पुढच्या टप्प्यांपैकी पाचवा, सहावा आणि आठवा टप्पा अधिक सविस्तर लिहिला आहे.

१. आधी नोकरी ठरवा, मग बूटकॅम्प शोधा

‘मला आयटीत जायचे आहे’ एवढ्यावर निवड करता येत नाही. वेब डेव्हलपर, डेटा अ‍ॅनालिस्ट, सॉफ्टवेअर टेस्टर, यूएक्स डिझायनर (वापरणाऱ्याला सोयीची रचना आखणारा) ही सगळी वेगवेगळी कामे आहेत आणि त्यांना वेगवेगळी तयारी लागते. ज्या शहरात किंवा ज्या प्रकारच्या कंपनीत तुम्हाला काम करायचे आहे, तिथल्या नवख्यांसाठीच्या निदान तीस जाहिराती वाचा आणि प्रत्येकीत मागितलेली कौशल्ये एका तक्त्यात उतरवा. कोणती कौशल्ये पुन्हा पुन्हा येतात, कितीजण पदवीची अट घालतात आणि कितीजण ‘दोन वर्षांचा अनुभव’ मागतात, हे त्या तक्त्यातून स्वच्छ दिसते. काही वेळा हा तक्ता पाहूनच बेत बदलावा लागतो. सायबर सुरक्षा आणि मशीन लर्निंग यांचे बूटकॅम्प जोरात विकले जातात. परंतु सुरक्षेच्या बऱ्याच पदांसाठी नेटवर्क किंवा सिस्टिम सांभाळल्याचा आधीचा अनुभव पाहिला जातो, आणि मशीन लर्निंगच्या पदांसाठी अनेकदा गणित किंवा संख्याशास्त्रातली पदवी मागितली जाते.

आपला जुना अनुभव या वेळी विसरू नका. हिशेब खात्यात काम केलेल्या माणसाला वित्तीय कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून किंवा परिचारिकेला रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत संधी मिळणे, हे अगदी नव्या क्षेत्रात नवखे म्हणून उभे राहण्यापेक्षा सोपे असते, कारण कोड लिहिणारे अनेक असतात, पण त्या व्यवसायाचे व्यवहार आतून माहीत असलेले थोडे.

२. पैसे भरण्याआधी स्वतःचा कल तपासा

बूटकॅम्पमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत जे शिकवले जाते, ते जवळजवळ सगळे विनामूल्य उपलब्ध आहे. फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट हे अभ्यासक्रम पूर्णपणे मोफत आहेत. हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस५०’ हा प्रारंभिक अभ्यासक्रमही विनाशुल्क शिकता येतो. सहा ते आठ आठवडे, नोकरी सांभाळून, रोज ठरावीक वेळ यांपैकी एकावर घालवा आणि एखादे छोटे पण स्वतःचे काम पूर्ण करा: घरखर्चाची नोंद ठेवणारे पान किंवा फायलींची नावे बदलणारा छोटा प्रोग्राम.

या काळात ‘मला हे जमते का’ यापेक्षा ‘प्रोग्राम चालत नसताना मी काय करतो’ याकडे लक्ष द्या. एका चुकलेल्या स्वल्पविरामाच्या मागे संध्याकाळ गेली आणि तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावेसे वाटले, तर हे काम तुम्हाला मानवेल. याचा दुसरा फायदा असा, की बूटकॅम्पचा वेग पहिल्या दिवसापासून जास्त असतो, आणि पाया घालून आलेला विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात मागे पडत नाही.

३. वेळ आणि पैशाचा पूर्ण हिशेब करा

पूर्णवेळ बूटकॅम्प साधारण तीन ते चार महिन्यांचा असतो आणि आठवड्याला चाळीस ते साठ तास मागतो. अर्धवेळ अभ्यासक्रम सहा ते नऊ महिने चालतो. खर्च मांडताना फी, बुडालेला पगार, लॅपटॉप आणि त्यानंतर नोकरी शोधण्याचा काळ, हे चारही घटक धरा. नोकरीच्या शोधासाठी निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, कारण हातात पैसे नसलेला उमेदवार मिळेल ते पहिले काम स्वीकारतो आणि जुन्या क्षेत्रात परततो.

४. चार-पाच नावांची यादी करून अभ्यासक्रम वाचा

पहिल्या टप्प्यातला तक्ता समोर ठेवून प्रत्येक बूटकॅम्पचा आठवडावार अभ्यासक्रम मागवा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर ते नाव तिथेच कापा. बारा आठवड्यांत दहा तंत्रज्ञाने शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या अभ्यासक्रमापेक्षा एक भाषा, एक डेटाबेस आणि एक फ्रेमवर्क (सॉफ्टवेअर बांधण्याचा तयार सांगाडा) खोलात शिकवणारा अभ्यासक्रम मला नेहमीच अधिक विश्वासार्ह वाटतो. गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) शाखा काढून एकत्र काम करणे, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणे, टेस्ट लिहिणे आणि डीबगिंग, म्हणजे चूक शोधून दुरुस्त करणे, या गोष्टींना वेळापत्रकात स्वतंत्र जागा आहे का, हे पाहा. नवीन माणसाला कंपनीत पहिले काही महिने बहुधा हेच काम मिळते.

एआय साधनांबद्दलही थेट विचारा. कोड सुचवणारे गिटहबचे कोपायलट २०२२च्या जूनमध्ये सर्वांसाठी खुले झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले, आणि तेव्हापासून साधा कोड लिहून देण्याचे काम यंत्राकडे झपाट्याने जात आहे. ज्या बूटकॅम्पमध्ये ही साधने वापरायला बंदी आहे आणि ज्यात सगळे त्यांच्यावरच सोपवले आहे, ते दोन्ही टाळावेत. यंत्राने दिलेला कोड वाचून त्यातली चूक दाखवता येणे आणि तो का चालतो हे तोंडी समजावता येणे, याचा सराव जिथे होतो, ती जागा शोधा.

५. प्लेसमेंटच्या आकड्याची फोड करा

सर्वाधिक फसगत इथेच होते, म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, एका बॅचला १०० जणांनी प्रवेश घेतला. त्यांपैकी ८० जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. त्या ८० पैकी २० जणांना ‘नोकरी न शोधणारे’ ठरवले गेले, कारण त्यांनी आठवड्याला ठरवून दिलेले अर्ज केले नाहीत किंवा समुपदेशकाच्या ई-मेलला उत्तर दिले नाही. उरले ६०. त्यांतल्या ४८ जणांना काम मिळाले. जाहिरातीत लिहिले जाते ‘८० टक्के प्लेसमेंट’, आणि ४८ भागिले ६० हा हिशेब चुकीचाही नाही. परंतु प्रवेश घेताना तुम्ही त्या शंभरांतले एक असता आणि तिथून पाहिले, तर आकडा ४८ टक्के आहे. त्या ४८ मध्ये बूटकॅम्पनेच काही महिन्यांसाठी साहाय्यक शिक्षक म्हणून ठेवून घेतलेले किती, फ्रीलान्स काम करणारे किती आणि जुन्याच कंपनीत परतलेले किती, हे विचारले की तो आणखी खाली येतो.

असे प्रत्यक्षात घडल्याची नोंद सरकारी कागदपत्रांत आहे. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०१७च्या ऑक्टोबरमध्ये फ्लॅटआयर्न स्कूल या बूटकॅम्पशी ३,७५,००० डॉलरची तडजोड केली. परवान्याशिवाय चालवल्याच्या आक्षेपासोबत एक मुद्दा असा होता, की ९८.५ टक्के रोजगाराच्या दाव्यात शिकाऊ उमेदवार, कंत्राटी काम करणारे आणि फ्रीलान्सर धरले होते आणि ते ठळकपणे सांगितले नव्हते. पूर्वी लॅम्डा स्कूल या नावाने चालणाऱ्या ब्लूमटेकवर अमेरिकेच्या ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाने २०२४च्या एप्रिलमध्ये कारवाई केली. जाहिरातींत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना सहा महिन्यांत नोकरी लागत असल्याचे सांगितले जात होते, तर संस्थेच्या अंतर्गत नोंदींत ते प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होते आणि काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत घसरले होते. एका बॅचला शंभर टक्के नोकऱ्या लागल्याची घोषणा समाजमाध्यमावर झाली होती; त्या आकड्यामागे एकच विद्यार्थी होता.

म्हणून प्रत्येक बूटकॅम्पला पुढील प्रश्न ई-मेलने पाठवा आणि उत्तरही लेखीच घ्या:

- कोणत्या तारखेच्या बॅचचा हा आकडा आहे, आणि त्या बॅचला पहिल्या दिवशी किती विद्यार्थी होते?
- किती जणांनी अभ्यासक्रम अर्धवट सोडला?
- नोकरी म्हणजे काय धरले आहे: पूर्णवेळ, कायमस्वरूपी आणि शिकलेल्या क्षेत्रातलीच का?
- तीन महिन्यांत, सहा महिन्यांत आणि वर्षभरात किती जणांना काम मिळाले?
- पगाराचा आकडा सरासरी आहे की मध्यक (सगळे पगार क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा), आणि किती जणांनी आपला पगार कळवला?
- हे आकडे बाहेरच्या कोणी तपासले आहेत का?

बॅचच्या तारखेचा प्रश्न पहिला ठेवण्याचे कारण आहे. २०२१मध्ये टेक कंपन्या जोरात भरती करत होत्या. २०२२च्या अखेरीपासून मोठ्या कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली, एकट्या मेटाने त्या नोव्हेंबरमध्ये ११,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. त्यामुळे अनुभवी माणसेही बाजारात आली आणि नवख्यांची वाट अरुंद झाली. २०२१च्या बॅचचा आकडा आजच्या विद्यार्थ्याला दाखवणे म्हणजे दुष्काळात मागच्या वर्षीचा पाऊस सांगणे.

६. माजी विद्यार्थी स्वतः शोधा

बूटकॅम्प ज्यांची ओळख करून देतो, ते निवडून काढलेले असतात. त्यांच्याशी जरूर बोला, पण तेवढ्यावर थांबू नका. लिंक्डइनवर बूटकॅम्पचे नाव शिक्षणाच्या रकान्यात शोधा, आठ ते अठरा महिन्यांपूर्वी बाहेर पडलेली माणसे निवडा आणि प्रत्येकाचे सध्याचे काम लिहून ठेवा. ज्यांच्या पानावर अजूनही ‘संधीच्या शोधात’ असे लिहिलेले आहे, त्यांना मुद्दाम संदेश पाठवा. अशी माणसे सहसा मोकळेपणाने बोलतात आणि कडवटपणा असला, तरी त्यातला तपशील खरा असतो.

संदेश छोटा आणि नेमका असावा. उदाहरणार्थ: ‘नमस्कार, मी अमुक बूटकॅम्पला प्रवेश घेण्याचा विचार करत आहे. आपण गेल्या वर्षी तो पूर्ण केल्याचे दिसले. पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का? आपल्या बॅचमधले किती जण आज या क्षेत्रात काम करत आहेत, एवढेच मला प्रामुख्याने विचारायचे आहे.’ बोलताना ‘बूटकॅम्प कसा होता’ असे विचारले, तर ‘चांगला होता’ असे उत्तर येते. त्याऐवजी विचारा, की प्रोग्राम अडला तेव्हा मदत मिळायला किती वेळ लागायचा, मध्येच शिक्षक बदलले का, शेवटच्या प्रकल्पातला कोणता भाग तुम्ही स्वतः लिहिला, आणि बॅच संपल्यावर चौथ्या महिन्यात बूटकॅम्पमधून कोणी फोन केला का. पाच-सहा जणांशी असे बोलणे झाले, की एकाच तक्रारीचा किंवा एकाच कौतुकाचा धागा सापडू लागतो.

माजी विद्यार्थ्यांचे गिटहबवरचे (जिथे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, ते संकेतस्थळ) प्रकल्पही उघडून पाहा. एका बॅचमधल्या दहा जणांच्या खात्यांवर तेच हवामान दाखवणारे पान आणि तीच कामांची यादी असेल, तर भरती करणाऱ्यालाही ते ओळखू येते. कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास पाहिल्यावर काम हळूहळू वाढत गेले, की शेवटच्या दिवशी एकदम चिकटवले गेले, तेही कळते.

७. एक तास वर्गात बसून पाहा

चालू असलेल्या खऱ्या वर्गात बसण्याची परवानगी मागा. खास पाहुण्यांसाठी रंगवलेले डेमो सत्र वेगळे आणि रोजचा वर्ग वेगळा. शिक्षकाने स्वतः उद्योगात किती काळ काम केले आहे, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत आणि विद्यार्थ्याच्या कोडवर लेखी अभिप्राय किती वेळा मिळतो, हे विचारा. माझ्या मते शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ध्वनिचित्रफिती मोफत मिळतात. तुमचा कोड वाचून ओळीगणिक शेरे देणारा जाणकार मात्र सहज मिळत नाही आणि फीचा खरा मोबदला तोच असतो.

विद्यापीठाचे नाव लावलेल्या बूटकॅम्पच्या बाबतीत तो चालवतो कोण, हे आवर्जून तपासा. टूयू या कंपनीने २०१९मध्ये ट्रायलॉजी एज्युकेशन ही संस्था ७५ कोटी डॉलरला विकत घेतली होती आणि अनेक विद्यापीठांच्या नावाने चालणारे बूटकॅम्प प्रत्यक्षात तीच चालवत असे. २०२४च्या डिसेंबरमध्ये टूयूने बूटकॅम्प बंद करत असल्याचे जाहीर केले. प्रमाणपत्रावरचे नाव आणि शिकवणारी संस्था वेगळी असेल, तर विद्यापीठाचे प्राध्यापक आणि तिथली भरती तुमच्या वाट्याला येईलच असे नाही.

८. फी भरण्याची पद्धत आणि करारनामा

एकरकमी फी, हप्ते, शैक्षणिक कर्ज आणि उत्पन्नातला वाटा, असे चार मार्ग साधारणपणे दिसतात. हप्ते किंवा कर्ज असेल, तर कर्ज देणारी संस्था कोणती, व्याज किती आणि अभ्यासक्रम सोडला तरी हप्ते चालू राहतात का, हे पाहावे. काही ठिकाणी प्रवेश अर्जासोबतच कर्जाच्या अर्जावर सही घेतली जाते आणि ते कर्ज आहे, हे विद्यार्थ्याला पहिला हप्ता कापला गेल्यावर कळते. फोनवर ‘फक्त मासिक शुल्क’ असा शब्द वापरला गेला, तर कागदावर ‘कर्ज’ हा शब्द आहे का, ते शोधा.

उत्पन्न-वाटा करार, म्हणजे नोकरी लागल्यावर पगारातून ठरावीक टक्के देण्याचा करार, वरवर सर्वांत न्याय्य वाटतो. ब्लूमटेकच्या करारात वार्षिक ५०,००० डॉलरपेक्षा अधिक पगाराची नोकरी लागल्यावर करपूर्व उत्पन्नाच्या १७ टक्के रक्कम २४ महिने द्यायची होती आणि एकूण कमाल मर्यादा ३०,००० डॉलर होती. वार्षिक ६०,००० डॉलर कमावणाऱ्याचे महिन्याला ८५० डॉलर, म्हणजे २४ महिन्यांत २०,४०० डॉलर होतात. हा करार म्हणजे कर्ज नव्हे, असे विद्यार्थ्यांना सांगितले जात होते. सरकारी विभागाने तो कर्जच असल्याचे म्हटले, आणि एक हप्ता चुकला तरी उरलेली सगळी रक्कम एकदम देय होऊ शकते, हेही दाखवून दिले. ‘तुम्हाला नोकरी लागली, तरच आम्हाला पैसे’ हा ब्लूमटेकचा मुख्य युक्तिवाद होता. प्रत्यक्षात यांतले बरेच करार गुंतवणूकदारांना आधीच विकले जात होते.

‘नोकरीची हमी, नाहीतर फी परत’ या आश्वासनाच्या अटी शब्द न् शब्द वाचा. आठवड्याला किती अर्ज करावे लागतात, दुसऱ्या शहरात जाण्याची तयारी सक्तीची आहे का, एखादी नोकरी नाकारली तर हमी संपते का, आणि ‘नोकरी’त कमी पगाराचे किंवा वेगळ्याच क्षेत्रातले काम धरले आहे का, यांवर ती हमी टिकते. प्रत्येक अर्जाची नोंद ठेवली नाही, तर अशी हमी रद्द होऊ शकते.

करारनाम्यात आणखी तीन कलमे शोधा: किती दिवसांपर्यंत सोडल्यास किती फी परत मिळते, बॅच पुढे ढकलली किंवा रद्द झाली तर काय, आणि संस्थाच बंद पडली तर काय. तिसरा प्रश्न काल्पनिक नाही. २०१२मध्ये सुरू झालेला, या क्षेत्रातल्या पहिल्या काही नावांपैकी एक असलेला डेव्ह बूटकॅम्प २०१७मध्ये बंद झाला आणि द आयर्न यार्डही त्याच वर्षी बंद झाला.

९. कागदपत्रे आणि साधने जमवा

प्रवेशासाठी साधारणतः ओळखपत्र, शेवटच्या पदवीचे किंवा शालांत परीक्षेचे प्रमाणपत्र, अद्ययावत बायोडाटा आणि हप्ते घेणार असाल, तर उत्पन्नाचा पुरावा आणि बँकेचे खातेपत्रक लागते. काही ठिकाणी छोटी प्रवेश परीक्षा असते. प्रवेश परीक्षा अजिबात नसणे आणि पहिल्याच फोनवर प्रवेश पक्का होणे, ही दोन्ही चांगली लक्षणे नाहीत.

लॅपटॉपला निदान १६ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान साठवण) असावी; ८ जीबीवर सुरुवात होते, पण ब्राउझर, एडिटर आणि डेटाबेस एकदम चालू केले की मशीन अडखळते. व्हीएस कोड (कोड लिहिण्याचा एडिटर), गिट आणि गिटहबचे खाते बॅच सुरू होण्याआधीच तयार ठेवा. चालू नोकरी सोडणार असाल, तर तिथल्या अनुभवाचे पत्र आणि वरिष्ठांचे शिफारसपत्र निघण्यापूर्वीच घ्या, कारण नव्या क्षेत्रातल्या पहिल्या मुलाखतीत तुमच्या शिस्तीचा आणि जबाबदारीचा दाखला त्या कागदांवरूनच मिळतो.

१०. सही करण्यापूर्वीचे आठवडे

समुपदेशक ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ असे म्हणाला, तरी करारनाम्याची प्रत मागून घ्या आणि कराराची भाषा कळणाऱ्या एका माणसाला ती वाचायला द्या. खरी सवलत आठवडाभराने सहसा पुन्हा मिळते. ज्या दिवशी पैसे भराल, त्या दिवशी संकेतस्थळावरची प्लेसमेंटची पाने, फीचे पान, अभ्यासक्रम आणि ई-मेलने आलेली सगळी उत्तरे पीडीएफ करून तारखेसह एका फोल्डरमध्ये ठेवा. ही पाने वर्षभरात बदलतात आणि परतावा मागण्याची वेळ आली, तर पहिला प्रश्न ‘असे कुठे लिहिले होते’ हाच येतो. पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख दिनदर्शिकेत नोंदवा आणि तिच्या तीन दिवस आधीची आठवण लावा. त्या दिवसापर्यंत झालेले वर्ग, मिळालेले कोडवरचे शेरे आणि बॅचमध्ये उरलेल्या विद्यार्थ्यांची संख्या पाहून पुढे जायचे की सोडायचे, हे त्याच दिवशी ठरवा आणि सोडायचे असल्यास ते ई-मेलने कळवून पोच घ्या.